त्याचा फोन नको, त्याचा स्क्वॉड विचार

ताई, तुझं पत्र दोनदा वाचलं. लालबागची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तुम्ही कांजूरमार्गला 22व्या मजल्यावर भाड्याने आलात, सातवीतला मुलगा शाळेतून आला की फ्री फायर मॅक्स हा मोबाईलवरचा लढाईचा गेम घेऊन बसतो, परवा त्याच्या बाबांनी ऐन मॅचमध्ये फोन हिसकावला तर तो ढसाढसा रडला आणि "माझ्यामुळे सगळे मेले" म्हणाला. तू विचारतेस, हे व्यसन आहे का?

अगं, तो काय म्हणाला ते परत वाच ना. गेम गेला म्हणून नाही रडला, मित्रांना मध्येच सोडलं म्हणून रडला. स्क्वॉडमध्ये, म्हणजे त्यांच्या टीममध्ये, चौघं असतात, एक नॉक झाला, म्हणजे मार खाऊन पडला, तर दुसऱ्याने धावत जाऊन त्याला रिव्हाईव्ह करायचं, परत उभं करायचं असतं आणि लाईव्ह मॅच थांबवता येत नाही, म्हणजे तू जेवायला हाक मारतेस तेव्हा तिकडे तिघं त्याच्या भरवशावर असतात. तूच लिहिलंयस की त्यातले दोघं चाळीतलेच, एक आता डोंबिवलीला आणि एक विरारला. मग गॅलरीत उभं राहून हाक मारायची सोय गेली, तर पोरं भेटणार कुठे? नव्या टॉवरमध्ये त्याला खाली खेळायला कोणी बोलावतं का, हे तू लिहिलं नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

व्यसनाचं म्हणशील तर डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी 2022 पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होऊनही न थांबणं, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असणं, असं सगळं बघतात. तुझा मुलगा शाळेत जातो, जेवतो, भांडतो. तसं काही दिसायला लागलं तर 14416 वर टेलीमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, फोन कर, फुकट आहे.

आता खरी भीती. तो चौथा, 'शॅडो' नावाचा, ज्याला कोणी बघितलेलं नाही, तो कोण आहे? ओरडून विचारू नकोस, शेजारी बस, दोन मॅच बघ, खेळायला शिकव म्हण, पोरं शिकवायला एका पायावर तयार असतात. मग सांग की कोणी फुकट डायमंड (गेममधले विकतचे पैसे) देतो म्हणालं, फोटो किंवा नंबर मागितला किंवा घरी सांगू नको म्हणालं तर लगेच आईला सांगायचं, आणि सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही, हा शब्द दे आणि बाबांकडूनही घे. नाहीतर तो लपवेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

वेळ ठरव, पण घड्याळावर नको, मॅचवर. "ही संपली की जेवायला" हे तो ऐकेल.

आणि रविवारी डोंबिवली-विरारच्या आयांना फोन लाव. दादरला दोन्ही लाईनी भेटतात, तुम्हाला कांजूरहून स्लो लोकल आहे, शिवाजी पार्कला तीन पोरांना एक बॅट आणि बॉल देऊन सोडा, तुम्ही कट्ट्यावर बसा. तुलाही चाळीतल्या बायका भेटून किती महिने झाले असतील गं.

शॅडोचं काय कळलं ते मात्र मला लगेच लिही.

तुझी मावशी