जुना डेस्कटॉप आणि जुना लॅपटॉप घरच्या वायफायला जोडता येतो का, की नवीनच घ्यावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की घरात नवीन फायबर घेतलंय, दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप आहे त्यात वायफाय नाही, एक जुना लॅपटॉप आहे त्याला घरचं वायफाय दिसतच नाही, आणि कनेक्शन बसवायला आलेला पोरगा "दोन्ही बदला" म्हणून निघून गेला.

बदलू नका. निदान त्याच्या सांगण्यावरून तरी नका.

हेच वाक्य मी जून २०२० मध्ये दोनदा ऐकलंय, आधी फायबर बसवणाऱ्याकडून आणि त्याच संध्याकाळी फोनवर आमच्या दाजींकडून, म्हणून एवढं लिहितोय.

आमचं घर सांगलीत गावभागात. जुना वाडा, खालच्या भिंती दगड-मातीच्या, दाराच्या चौकटीत उभं राहिलं की कोपरापासून बोटांपर्यंत अख्खा हात भिंतीच्या जाडीत बसतो. आण्णांचं काम पत्रिकांचं, म्हणजे लग्न, मुंज, वास्तुशांत, मंडळाच्या पावत्या, तेराव्याची कार्डं. खाली ट्रेडल मशीन, म्हणजे पायानं चालवायचं छपाई यंत्र, होतं आणि मागच्या खोलीत २०१० साली जोडून घेतलेला डेस्कटॉप. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, तेव्हा ट्रेडल पाण्यात बुडालं ते परत फिरलंच नाही. पाणी हरभट रोडला आलंय कळल्यावर मी आणि आण्णांनी पहिल्यांदा काय उचललं असेल तर हा सीपीयू, चादरीत गुंडाळून माडीवर, मग मॉनिटर, मग गहू-तांदूळ. म्हणजे पुरानंतर धंदा म्हणून आण्णांकडं जे उरलं ते हेच एक मशीन.

आणि ते नुसतं मायेपोटी ठेवलेलं नाही. आण्णांचं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचं लॉक (ते लावलेलं असलं तरच सॉफ्टवेअर चालतं) मशीनच्या मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं, नव्या लॅपटॉपला तसला पोर्टच नसतो. फायली सगळ्या पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या आणि फाँट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसायच्या पद्धतीच्या, आधीचे, त्यामुळं तीच फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की "चि. सौ. कां." च्या जागी नुसती किडामुंगी. वीस वर्षांचे मजकूर त्यात आहेत, लोक येऊन म्हणतात "थोरल्याच्या लग्नात होता तसाच मजकूर घाला", आणि आण्णा दोन मिनिटात काढून देतात.

लॉकडाऊनमध्ये प्रूफ बघायला माणूस घरी येईना, सगळे म्हणायचे मेल करा नाहीतर व्हॉट्सॲपवर टाका, म्हणून डेस्कटॉपला नेट पाहिजे झालं. शिवाय पोरीची शाळा ऑनलाईन. त्यासाठी आक्कांचा जुना लॅपटॉप आणला होता, दाजी २०११ ला कंपनीच्या कामाला अमेरिकेला गेलेले तेव्हा तिथनं आणलेला. फायबरवाल्यानं राऊटर पुढच्या सोप्यात ठोकला, माझ्या मोबाईलवर चालू करून दाखवलं आणि म्हणाला, ह्या दोन्हीवर चालायचं नाही, लई जुनं झालंय. संध्याकाळी दाजींचा फोन. दाजी पुण्यात आयटीत, त्यामुळं आमच्याकडं असल्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ते आण्णांना म्हणाले, "अहो आण्णा, भंगारात द्या तो डबा, पाचशे येतील, मी नवीन घेऊन देतो." मनानं चांगलंच म्हणत होते, घेऊनही दिला असता. आण्णा काही बोलले नाहीत, फोन माझ्या हातात दिला आणि मशीनवरचं फडकं सरळ करत बसले. ते मला लागलं आणि अजून लागतंय.

आता लॅपटॉपचं सांगतो, कारण तुमचा त्रास बहुतेक तोच आहे. आमच्या लॅपटॉपला शेजारपाजारचे पाच-सहा वायफाय दिसायचे, आमचं स्वतःचं दिसायचं नाही, आणि मोबाईलला तेच फुल रेंज. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड मेलं असतं तर शेजारचे तरी कसे दिसले असते? पण हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही, जुनं आहे म्हटलं की विषय संपला. तीन संध्याकाळी घातल्या मी त्यावर. शेवटी मोबाईलवर कुठलं वायफाय कुठल्या चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या कुठल्या नंबरावर, चालतंय ते दाखवणारं ॲप टाकलं तेव्हा दिसलं की आमचा राऊटर १३ नंबरच्या चॅनलवर बसलाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडं १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत ११ च्या पुढचे सहसा वापरत नाहीत, आणि तिथं विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपची कार्डं १२-१३ कडं बघतच नाहीत. लॅपटॉप आंधळा नव्हता, त्याला तेवढंच बघायला शिकवलेलं. राऊटरच्या पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१, आणि लॉगिनचा पासवर्ड, ते मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकून आत जा, वायरलेसच्या पानावर चॅनल ऑटो असेल तिथं १, ६ किंवा ११ करा. मी ६ केला, सेव्ह केलं, आणि मिनिटाभरात लॅपटॉपच्या यादीत सगळ्यात वर आमचं नाव. पोरगी ओरडली, "बाबा, आपलं आलं!"

तुमचं चॅनल ठीक निघालं तर त्याच पानावर अजून दोन गोष्टी बघा. एक, राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय देत असेल तर त्या दोन्हीची नावं वेगळी करा. दोन्हीला एकच नाव ठेवायची हल्लीची पद्धत मला अजिबात पटत नाही, कोण कशावर आहे काही कळत नाही. जुन्या लॅपटॉपला बहुतेक वेळा ५ चं दिसतच नाही, आणि ५ ला भिंतही सोसत नाही, आमच्या वाड्यात तर एका भिंतीतच मरतं. दुसरं, सिक्युरिटी, म्हणजे वायफायच्या कुलपाची पद्धत, नुसती डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ एईएस करा, जुन्या कार्डांना ३ झेपत नाही. आणि लॅपटॉपच्या कडेला वायफायचं बारकं बटण असतं ते चालू आहे ना, हे तुम्ही बघितलंच असेल.

डेस्कटॉपला मी आधी यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरनं लावायचं वायफायचं कार्ड, घेतलं, चारशेच्या आसपास पडलं. त्याचा ड्रायव्हर सीडीवर आणि सीडी ड्राईव्ह कधीचा बंद, मग लॅपटॉपवर डाऊनलोड करून पेन ड्राईव्हनं टाकला. लागलं, पण एक काडी. डोंगल सीपीयूच्या मागं, सीपीयू पत्र्याचा, टेबलाखाली, त्याच्या मागं भिंत, रेंज येणार कुठनं? यूएसबीची दीड मीटरची एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणलं तेव्हा दोन-तीन काड्या झाल्या, ती वायर शंभर-सव्वाशेला मिळते, डोंगल घेणाऱ्यानं तीही घ्यावीच. पण आमच्याकडं मध्ये दोन भिंती, चालता चालता तुटायचं.

तेव्हापासून माझं स्पष्ट मत झालंय. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायफाय कशाला पाहिजे? वायर ओढा. २०१० च्या मशीनला मागं लॅनचा, म्हणजे नेटची वायर लावायचा, पोर्ट असतोच, तो शंभर एमबीपीएसचा असला तरी पन्नासच्या प्लॅनला काय कमी पडतं, आणि कॅट ५ई किंवा ६ ची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्या घरात कितीशी लागणार. आमच्याकडं अठरा मीटर लागली. राऊटरच्या मागच्या लॅनच्या भोकात एक टोक, मशीनला दुसरं, ड्रायव्हर नाही, पासवर्ड नाही, काही नाही. तयार वायर मिळते, पण आमच्या भिंतीत भोक बारीक पाडायचं होतं, कनेक्टर त्यातनं जाईना, म्हणून मी वायर घालून नंतर टोकं स्वतः क्रिम्प केली, म्हणजे कनेक्टर दाबून बसवले. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, तिथंच सगळे चुकतात, एका टोकाला मी हिरवे दोन्ही शेजारीशेजारी घातले तर पोर्टचा लाईटच लागेना. कापून परत केलं. दुसऱ्या वेळी हिरवा लाईट लागला आणि शेजारचा पिवळा फडफडायला लागला.

आणि तरी साईट उघडेना. जिथं जाऊ तिथं ब्राउझरची तीच पाटी, कनेक्शन सुरक्षित नाही. मी परत वायर तपासली, राऊटर बंद-चालू केला, आणि खरं सांगतो, त्या वेळेला मनात आलंच की दाजी बरोबर असतील. आण्णा मागं खुर्चीवर बसून बघत होते. चष्मा वर करून पुढं वाकले आणि म्हणाले, "अरे, तारीख बघ की खाली. २००९ दाखवतंय, वार पण चुकलाय."

पत्रिकेत तिथी-वार एकमेकांशी जुळतात का हे बघण्यात ज्या माणसाची चाळीस वर्षं गेली त्याचीच नजर तिथं जायची. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, नाण्याएवढा असतो, सीआर २०३२, तीस-चाळीस रुपयाचा. मशीनची वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. पुरात मशीन महिनाभर बिनविजेचं माडीवर पडलं त्यात आधीच म्हातारा झालेला सेल गेला असणार, आणि नेट नव्हतं तोवर तारखेनं कुणाचं काही अडलं नाही. पण हल्ली प्रत्येक साईट आपलं एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्याला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, मशीनच्या हिशोबानं २००९ चालू असेल तर ती मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून ब्राउझर अडवतो. तारीख बदलली, सगळं उघडलं. दुसऱ्या दिवशी सेल टाकला. त्याच दुपारी आण्णांनी एका साखरपुड्याच्या पत्रिकेचं प्रूफ स्वतः मेल केलं आणि समोरच्याचा फोन येईपर्यंत जागेवरनं उठले नाहीत.

तर मशीन जुनं म्हणून काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं एका चॅनलच्या आकड्यावर, दोन भिंतींवर आणि एका सेलवर. दाजींना मी हे सगळं त्याच आठवड्यात सांगितलं तर म्हणाले, "अरे पण किती दिवस चालवणार?" मागच्या वर्षी भाच्याच्या मुंजीची पत्रिका आण्णांनी त्याच मशीनवर केली, पीडीएफ त्याच वायरीवरनं पुण्याला गेली. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर हे त्याचं उत्तर. आणि ज्याला दिसत नव्हतं तो अमेरिकेचा लॅपटॉप होता, आण्णांचा डबा नव्हे.

आता जे आधी सांगायला पाहिजे होतं ते. डेस्कटॉपवर विंडोज ७ असेल तर त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत, क्रोमचं १०९ हे त्यावरचं शेवटचं, फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही शेवटची. विंडोज १० चेही नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यामुळं त्यावर बँक, पासवर्ड साठवणं असलं काही करू नका, ते मोबाईलवर. आमच्याकडं मशीनवर फक्त पत्रिका आणि त्यासाठी वेगळा काढलेला मेल, आणि फायलींची एक कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर. तुमचं असं कुठलं खास सॉफ्टवेअर अडलेलं नसेल तर सरळ विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, दोन जीबी रॅमवर चालतं, चार असली तर बरं, आम्ही लॅपटॉपवर तेच टाकलंय. विंडोज एक्सपी असेल तर मात्र मी नेटला जोडा म्हणणार नाही.

लॅनची वायर लाईटच्या वायरीच्या पाईपमधनं नेऊ नका, आणि गच्चीवरनं शेजारच्या घरात तर अजिबात नको, वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जातात. सेल बदलताना मशीनचा प्लग काढा, अक्षरं असलेली बाजू वर. आणि तुम्ही नदीकाठचे असाल तर राऊटर आणि वायर जमिनीलगत पट्टीत घालायचा मोह टाळा, आमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे, वायर तिच्या वीतभर वरनं नेलीय.