महाबळेश्वर की माथेरान: सुट्टीवरून होणाऱ्या वादामागे काय असते?

‘सुट्टीला कुठे जायचे एवढेही आम्हाला ठरवता येत नाही, म्हणजे आमच्या संसारातच काही बिघडले आहे का?’ हा प्रश्न एप्रिल लागला की पुण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हमखास येतो. एवढ्याशा कारणासाठी समुपदेशकाकडे यावे लागले, याचा संकोच विचारणाऱ्यांच्या बोलण्यात जाणवतो. तो मला अनाठायी वाटतो. वर्षातून एकदाच मिळणाऱ्या चार मोकळ्या दिवसांकडून माणसे फार मोठ्या अपेक्षा बाळगून असतात आणि त्या अपेक्षा बहुधा एकमेकांना सांगितलेल्या नसतात.

काही वर्षांपूर्वी आलेल्या कोथरूडच्या एका जोडप्याची हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देते. घरात आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई होत्या. त्याला महाबळेश्वरला जायचे होते, तिला माथेरानला. त्याने दोन्ही ठिकाणांचा तुलनात्मक तक्ताच करून आणला होता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच, म्हणून मे महिन्यातही थंड. माथेरान सुमारे ८०० मीटर, शिवाय दस्तुरी नाक्याला गाडी ठेवून पुढचे दोन-अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर, हातरिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीने जायचे. तिचेही मुद्दे तयार होते. पसरणी घाटात मुलीला गाडी लागते, वेण्णा तलावाच्या रस्त्यावर मे महिन्यात वाहनांच्या रांगा लागतात आणि माथेरानमध्ये हॉर्नचा आवाजसुद्धा नसतो. दोघांचे मुद्दे खरे होते. तरीही तीन आठवडे घरात अबोला होता.

दोन हव्याहव्याशा गोष्टींतून एक निवडणे तुलनेने सोपे असते. पण दोन्ही गोष्टींत ओढ आणि नकोसेपणा एकत्र असला की माणूस एकीकडून दुसरीकडे हेलकावत राहतो, हे कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले आहे. अशा वेळी आणखी माहिती गोळा केल्याने फारसे साधत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि दोघांना वेगवेगळ्या कागदांवर, सुट्टीतील एक दिवस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कसा जावा, हे लिहायला दिले. ठिकाणाचे नाव लिहायचे नाही, एवढीच अट घातली.

त्याच्या कागदावर सकाळी आईला घेऊन पंचगंगेच्या देवळात जाणे होते, त्यामुळे अट पहिल्याच ओळीत मोडली. क्षेत्र महाबळेश्वरच्या या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते. वडील असताना ते सगळे दरवर्षी तेथे जात आणि वडील गेल्यापासून आई एकदाही गेली नव्हती. हे त्याने बायकोला कधी सांगितले नव्हते. ‘आईसाठी जायचे म्हटले की वाद वाढेल असे वाटले,’ तो म्हणाला.

तिच्या कागदावर एकही पॉइंट नव्हता. उशिरा उठणे, आयता चहा, झाडाखाली पुस्तक, दुपारी झोप, आणि शेवटी एक ओळ: ‘कोणाकडे जेवायला जायचे नाही.’ महाबळेश्वरच्या वाटेवर वाई लागते आणि वाईला त्याची आत्या राहते. दर खेपेला जाताना आणि येताना तेथे जेवण होई, साड्यांची देवाणघेवाण होई, आणि तिच्या चार दिवसांतले दीड दिवस सून म्हणून वावरण्यात जात. माथेरानच्या वाटेवर कोणाचेच घर नव्हते.

यानंतर ठिकाणाचा प्रश्न फार काळ उरला नाही. सासूबाईंना माथेरानचे चालणे झेपणारे नव्हते, ई-रिक्षा तेव्हा सुरू झालेल्या नव्हत्या आणि ‘माणसाने ओढलेल्या रिक्षात मी बसणार नाही’ असे त्यांनी आधीच सांगितले होते, जे मला अगदी योग्य वाटते. महाबळेश्वर ठरले. देवळाच्या सकाळी तो आई आणि मुलीला घेऊन जाईल आणि ती हॉटेलवर थांबेल, हेही ठरले. पावसाळ्यानंतर नेरळहून छोटी गाडी पुन्हा सुरू झाली की दोघांनीच माथेरानला जायचे, हेही.

अडले ते आत्याला कोणी सांगायचे यावर. ही जबाबदारी त्याचीच आहे, यावर मी ठाम राहिले. आपल्या माहेरच्या किंवा रक्ताच्या नात्यातील माणसांना नकार कळवण्याचे काम जोडीदारावर ढकलले, तर त्याचा वाईटपणा त्या जोडीदाराच्या माथी वर्षानुवर्षे राहतो, आणि पुढच्या सुट्टीचा वाद तेथूनच सुरू होतो. बायकोचे नाव न घेता आणि खोटी सबब न सांगता काय बोलायचे, याचा सराव आम्ही केला. त्याने माझ्यासमोरच फोन लावला: ‘आत्या, या वेळी जाताना थांबणार नाही, येताना चहाला येऊ.’ आत्यांनी थोडे वाईट वाटल्याचे बोलून दाखवले आणि लगेच विचारले, ‘मग चहाबरोबर काय करू, पोहे की शिरा?’