मोठं ध्येय टिकवायला श्रद्धा लागतेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी आयुष्यभर वारी केली, तुम्ही स्वतः देव मानत नाही. गावातल्या मुलांसाठी वाचनालय उभं करायचं तुमच्या मनात आहे, पण दर वेळी दोन-तीन महिन्यांत उत्साह ओसरतो. आजोबांसारखी चिकाटी श्रद्धेशिवाय अंगी येऊ शकते का?

येऊ शकते. पण आजोबांची चिकाटी येते कुठून, हे आधी नीट पाहायला हवं. ‘त्यांची देवावर श्रद्धा आहे म्हणून’ एवढ्यावर थांबलात तर हाती काहीच लागणार नाही. मी मानसशास्त्र शिकवते, माझ्या घरात माळकरी माणसं आहेत, आणि हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात बाळगून आहे.

रॉबर्ट एमन्स हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लोकांना एक साधं काम देत: रोजच्या जगण्यात तुमची धडपड कशासाठी चालते, ते लिहून काढा. अशा याद्यांमध्ये चांगला माणूस होण्यासारखी व्यापक ध्येयं असतात, तशी वजन आटोक्यात ठेवण्यासारखी ठोसही असतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात व्यापक, अमूर्त ध्येयांची माणसं मनाने जास्त त्रासलेली आढळली. ठोस ध्येयांच्या माणसांमध्ये शारीरिक आजार जास्त दिसले. उंच ध्येय बाळगलं की माणूस आपोआप सुखी होतो, हा आपला समज इथे डळमळतो. ‘चांगला माणूस’ झालो की नाही, हे कोणत्या संध्याकाळी कळणार? मोजायला काहीच नसतं आणि अपुरेपणाची टोचणी मात्र रोजची.

पुढे १९९८ मध्ये एमन्स आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ज्यांच्या यादीत आध्यात्मिक धडपडींचा वाटा मोठा होता ती माणसं जास्त समाधानी होती आणि त्यांच्या ध्येयांची आपसांत ओढाताणही कमी होती. वास्तविक ईश्वरप्राप्तीपेक्षा अमूर्त ध्येय दुसरं कोणतं असेल! मग तिथे मन का त्रासत नाही? यावर माझं स्वतःचं उत्तर असं: धर्म सगळ्यात दूरचं ध्येय आजच्या दिवसातल्या एका छोट्या कृतीला बांधून देतो.

आजोबांकडेच पाहा. मोक्ष कधी मिळेल, कुणाला ठाऊक. पण गळ्यात माळ आज आहे, हरिपाठ आज संध्याकाळी आहे, एकादशी पंधरा दिवसांनी आहे, आषाढी वर्षातून एकदा ठरलेली आहे. हे करायचं की नाही, याचा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही. वारीत तर दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेले, वीणा कुणाच्या गळ्यात तेही ठरलेलं. माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते, आणि ते जाणवतं. शिवाय चालताना पुढे-मागे माणसं असतात. पाय दुखले तरी दिंडी थांबत नाही, आणि तिच्याबरोबर तुम्हीही चालत राहता.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. एखादी एकादशी चुकली तर माळकरी सगळं सोडून देत नाही. पुढची एकादशी येणारच असते. आपण घरी ठरवलेले संकल्प मोडतात ते बहुधा पहिल्या खाड्यानंतर, कारण परत यायला ठरलेली जागाच नसते.

श्रद्धेचा वाटा शून्य आहे, असं मी म्हणत नाही. २००५ मध्ये ॲनेट महोनी, केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जी ध्येयं माणसाला पवित्र वाटतात त्यांच्याशी त्याची बांधिलकी जास्त असते आणि त्यांना तो वेळही जास्त देतो. मात्र धर्माची ओढ सगळ्यांची सारखी नसते. रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, जे मनापासून पटलं म्हणून धर्म पाळत त्यांचं मानसिक आरोग्य चांगलं आढळलं. जे अपराधीपणापोटी, लोक काय म्हणतील या धाकाने पाळत, त्यांच्या बाबतीत चित्र उलटं होतं. ध्येय तेच, प्रार्थनाही तीच, तरी एकाला ती उभारी देते आणि दुसऱ्याला आतून पोखरते.

उंच ध्येयाचा आणखी एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची. जाण्याच्या वाटेवरच दारात एक माणूस खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के, आणि ‘उशीर झालाय’ असं सांगून पाठवलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. सेवेवर बोलायला निघालेला माणूस सेवेची गरज असलेल्याला ओलांडून जाऊ शकतो! गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. हा क्रम किती विचारपूर्वक होता, ते या प्रयोगामुळे मला जास्त कळलं.

आता श्रद्धेशिवाय हे जमतं का? र. धों. कर्वे यांचं आयुष्य पाहा. पक्के नास्तिक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले झाले, दंड झाला, पदरमोड तर सततची. समाजाची लैंगिक दृष्टी निकोप व्हावी, हे ध्येय एका आयुष्यात पुरं होणारं नव्हतंच. पण दर महिन्याला अंक निघायचा होता. माळकऱ्याला एकादशी जे देते, ते कर्व्यांना मासिकाच्या तारखेने दिलं असावं, असं मला फार वाटतं. एकाकी मात्र ते होते. दिंडीचं बळ त्यांना मिळालं असतं तर किती सोसणं वाचलं असतं!

म्हणून तुम्हाला सुचवते: इमारत, कपाटं, देणगी हे सध्या बाजूला ठेवा. शाळेच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी दहाला, घरात असतील तेवढी पुस्तकं घेऊन बसा. चार मुलं आली तरी बसा, एकही आलं नाही तरी तासभर बसा. एखादा रविवार चुकला तर पुढच्या रविवारी परत त्याच ओट्यावर. सोबत एक तरी माणूस घ्या, म्हणजे तुम्ही आजारी पडलात तरी पुस्तकं पोचतील. आणि ज्या महिन्यात उत्साह ओसरतो म्हणता, त्या महिन्यात स्वतःला एकच विचारा: हे मला खरंच हवंय, की गावाने नाव घ्यावं म्हणून? दुसरं असेल तर ध्येय बदलायला अजिबात हरकत नाही. आजोबांशीही एकदा बोला. विठ्ठलाचं राहू द्या, पहिल्या काही वाऱ्यांत कधी घरी परतावंसं वाटलं होतं का आणि तेव्हा कुणी थांबवलं, हे विचारा.