इतिवृत्त कोणाच्या अक्षरात आहे?

(पत्राचा सारांश: मी बँकेतून निवृत्त झालो असून पुण्यातील आमच्या 42 सदनिकांच्या सोसायटीचा सचिव आहे. एका सभासदाने आपली सदनिका मुस्लिम जोडप्याला भाड्याने द्यायचे ठरवले, तेव्हा कार्यकारिणीच्या सभेत अध्यक्षांसह सर्वांनी ‘असले लोक इथे नकोत’ म्हणून विरोध केला. मला फार वाईट वाटले. इतिवृत्त लिहिताना मी भाषा तेवढी सौम्य केली. इमारतीत सर्वधर्मसमभावावर एखादे व्याख्यान ठेवावे का?)

आपल्या चार पानी पत्रात दीड पान अध्यक्षांच्या कोत्या मनोवृत्तीवर आहे, बरेचसे बदललेल्या काळावर आहे आणि ‘भाषा तेवढी सौम्य केली’ हे एकच वाक्य आपल्या स्वतःबद्दल आहे. मला बोलायचे आहे ते त्या वाक्याबद्दल.

अध्यक्ष जे बोलले ते कोणी दुसऱ्या दिवशी विचारले असते, तर त्यांनी स्वतःच नाकारले असते. आपण मात्र त्याचे ‘भाडेकरू सोसायटीच्या आहारपद्धतीशी व जीवनशैलीशी सुसंगत असावेत’ असे सुबक मराठी केलेत, त्याला ठराव क्रमांक दिलात आणि खाली सही केलीत. पुढच्या सचिवाला तो ठराव वाचून दाखवताना लाजही वाटणार नाही, इतका तो सभ्य झाला आहे. या साऱ्या प्रकरणातले सर्वांत टिकाऊ काम आपल्या हातून झाले आहे आणि आपण मला विचारता की इतरांना कसे समजवावे!

शिवाय तो ठराव कायद्यानेही लंगडा आहे. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) भाडेकरू ठेवताना सभासदाने सोसायटीला आगाऊ लेखी कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. सोसायटीने फार तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) घ्यावेत, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या आत. सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणे मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल कोणी पुढे करील. तो अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा होता आणि सदस्यत्वाची अट तिच्या नोंदणीकृत उपविधींतच होती. आपल्या उपविधींत तसे कलम असते, तर हा ठराव करण्याची वेळच आली नसती.

व्याख्यान ठेवू नका. वक्त्याला शाल-श्रीफळ मिळेल, आभार अध्यक्षच मानतील आणि बटाटेवडे संपवून मंडळी घरी जातील. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असेल, जो बहुतेक ठिकाणी चहा येईपर्यंत उरकला जातो. या वेळी तो उरकू देऊ नका. इतिवृत्त चुकीचे लिहिले गेले आहे आणि ती चूक माझी आहे, असे उभे राहून सांगा. मग कोण काय बोलले ते नावानिशी, त्यांच्याच शब्दांत, ‘मुस्लिम’ हा शब्द न गाळता वाचा, तशी दुरुस्ती मांडा आणि स्वतःचा विरोध नोंदवा. त्या मजकुराला संमती द्यायला कोण कोण हात वर करते ते पाहा. माझा अंदाज असा की, ठराव मागे घेण्याची सूचना अध्यक्षच करतील. नाही केली, तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाताना त्या सभासदाच्या हाती निदान खरा कागद असेल.

आणि सभेपूर्वी त्या सभासदाला फोन करून एवढे विचारा, की त्या जोडप्याला दुसरीकडे घर मिळाले का. आपल्या चार पानांत ते कुठेच नाही.