आधी आई बघा, मग पिल्लू

तुमचा प्रश्न वाचला. लॅब्रॅडॉरची सहा पिल्लं, वय 38 दिवस, रविवारी बघायला जायचंय. ब्रीडर म्हणतो आत्ताच न्या, लहानपणी नेलं की लळा लवकर लागतो. आणि तुम्हाला एवढंच हवंय की सहातलं निरोगी कोणतं ते कसं ओळखायचं. ते शेवटी सांगतेच, पण त्याला फार तर पंधरा मिनिटं लागतात. खरी तपासणी पिल्लं समोर यायच्या आधीची असते, आणि तिथेच आपण सगळे घाई करतो. मीही केली होती.

पहिलं म्हणजे ते 38 दिवस. इतक्या लहानपणी नका आणू. आठ आठवडे, म्हणजे 56 दिवस तरी पिल्लू आई-भावंडांत राहायला हवं. पाचव्या आठवड्यानंतर ती दिवसभर एकमेकांना चावत असतात. दात सुईसारखे. एकाने दुसऱ्याचा कान जरा जोरात धरला की दुसरं केकाटतं, पाठ फिरवतं, खेळ खलास. शंभरदा असं झालं की जबडा किती आवळायचा हे कळतं. आईसुद्धा या दिवसांत अंगाशी झोंबणाऱ्याला गुरगुरून बाजूला करते, 'आता नाही' हे पिल्लाला पहिल्यांदा तिच्याकडून कळतं. हे घरी आणून माणसाला शिकवता येतं, पण महिनोन्‌महिने हाताला ओरखडे घेऊन. इटलीत झालेल्या एका अभ्यासात 30 ते 40 दिवसांत आईपासून तोडलेली कुत्री आणि दोन महिन्यांनी तोडलेली कुत्री यांची तुलना केली होती. लवकर तोडलेल्यांत आवाजाला दचकणं, सतत भुंकणं, खाण्यावरून आणि खेळण्यावरून गुरगुरणं जास्त आढळलं. लळ्याची काळजी नको. पिल्लाचा नव्या माणसांना, आवाजांना, जागांना सरावायचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतो. आठव्या आठवड्यात आणलंत तरी त्यातला बराच तुमच्या वाट्याला येतो.

मग ब्रीडरला घाई का? याच सुमारास पिल्लांचं आईच्या दुधावर भागत नाही. ती बकाबका खायला लागतात, तेवढीच घाण करतात, आणि पहिल्या लसीचा खर्च समोर दिसत असतो. आठ आठवड्यांपर्यंत थांबतो म्हणालात आणि तो कुरकुरला, तर तुमचं उत्तर तुम्हाला रविवारच्या आधीच मिळालं.

आता आई. ती बघायलाच हवी, तीही पिल्लांसोबत, ती जिथे राहतात त्या जागी. 'आई दुसरीकडे आहे', 'अनोळखी माणूस आला की चावते', 'व्हिडिओ पाठवतो', 'पिल्लू तुमच्या घरी आणून देतो' यांतलं काहीही ऐकू आलं तर निघा. व्यालेली कुत्री दिसायला सुंदर नसते हे मात्र लक्षात ठेवा. दूध पाजून ती उतरलेली असते, केस झडलेले असतात, आचळं लोंबत असतात. त्याला नावं ठेवू नका. उलट दीड महिन्याच्या पिल्लांची आई म्हणून तुकतुकीत, सपाट पोटाची कुत्री दाखवली तर ती आई नसावी. तिचा स्वभाव बघा. नवखा माणूस आला म्हणून जरा सावध असेल तर हरकत नाही, पण अंग चोरून, शेपूट पोटाखाली घालून कोपऱ्यात थरथरत असेल तर विचार करा. भित्रेपणा काही रक्तातून उतरतो, काही आईचं बघून.

बाप तिथे नसेल तर बिचकू नका. चांगले ब्रीडर बहुतेक वेळा कुत्री दुसऱ्याच्या नराकडे नेतात, कारण आपल्या दारातला नर तिला जुळणारा असेलच असं नाही. त्याचे कागद मात्र हवेत.

कागद म्हटलं की मला माझी पहिली जर्मन शेफर्ड आठवते. वंशावळीचा छापील दाखला होता, त्यावर शिक्का, चार पिढ्यांची नावं. आम्ही तो फ्रेम करायचाच बाकी ठेवला होता. आठ-नऊ महिन्यांची झाली तेव्हा पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारायची. आम्हाला केवढी गंमत वाटायची! पाहुण्यांना बोलावून दाखवायचो, व्हिडिओ काढलाय, अजून आहे माझ्याकडे. मग एक दिवस ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि पुढे जाईना. एक्स-रेत खुब्याची वाटी उथळ निघाली, मांडीच्या हाडाचं डोकं तिच्यात नीट बसतच नव्हतं. हिप डिसप्लेशिया. सशासारख्या उड्या हे त्याचंच नेहमीचं लक्षण, डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. ब्रीडरला फोन केला तर म्हणाला, पण मी तर पेपरवालं पिल्लू दिलं होतं. खोटं नव्हतं ते. वंशावळीचा दाखला आईबाप कोण एवढंच सांगतो. त्यांचे सांधे कसे होते ते सांगत नाही, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

तुम्ही विचारा. लॅब्रॅडॉरसाठी आईबाप दोघांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे रिपोर्ट, डोळ्यांची अलीकडची तपासणी, आणि दोन डीएनए चाचण्या: पीआरए, ज्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रं आंधळं होतं, आणि ईआयसी, ज्यात जोरात पळापळ केल्यावर काही मिनिटांतच मागचे पाय लुळे पडतात. खुब्याचा निकाल देशोदेशी वेगळ्या पद्धतीने लिहितात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या पद्धतीत ए ते ई श्रेणी असते, ए सर्वांत चांगली. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांचे मिळून 0 ते 106 गुण, जितके कमी तितकं बरं. अमेरिकेतली ओएफए ही संस्था कायमचा दाखला 24 महिन्यांच्या आत देतच नाही. त्यामुळे दीड वर्षाच्या आईची पिल्लं समोर असतील तर तिचे सांधे पूर्ण वाढल्यावर तपासले कधी, हा प्रश्न विचारायचाच.

डीएनए रिपोर्टवर 'वाहक' (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेलं कुत्रं) असं दिसलं तर लगेच घाबरून उठू नका. पीआरए आणि ईआयसीमध्ये सदोष जनुकाच्या दोन प्रती मिळाल्या तरच कुत्रं आजारी पडतं. आई वाहक आणि बाप पूर्ण स्वच्छ असेल तर एकही पिल्लू आजारी निघणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला चारात एक एवढा धोका. 'वाहक आहे' हे ज्याने स्वतःहून सांगितलं त्या ब्रीडरबद्दल माझं मत चांगलंच होतं. खुब्याचं तसं सरळ गणित नाही. त्यात अनेक जनुकं, शिवाय वाढत्या वयातलं वजन आणि घसरड्या फरशीवरची धावपळ, असं सगळं येतं. आईबापांचे रिपोर्ट चांगले असले तर धोका कमी होतो, जात नाही. हेही प्रामाणिक ब्रीडर सांगतो. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याला मी दुसरा प्रश्न विचारत नाही.

आणि 'डॉक्टरांनी तपासलंय' म्हणजे या चाचण्या नव्हेत. पिल्लाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून खुबा कळत नाही.

'दुर्मिळ सिल्व्हर लॅब' म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून सोडून द्या. लॅब्रॅडॉरचे मान्य रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. त्या फिकट रंगाच्या कुत्र्यांत पुढे केस जाण्याचा त्रास होऊ शकतो, तो मात्र जाहिरातीत लिहिलेला नसतो.

लसींबद्दल. 38 दिवसांच्या पिल्लाचं 'सगळं लसीकरण पूर्ण' असूच शकत नाही. जन्मल्यावर पहिल्या दिवशीच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते, आणि तीच लसीलाही मारून टाकते. कोणाच्या अंगातली ती सहाव्या आठवड्यात ओसरते, कोणाची चौदाव्या-सोळाव्यात. नेमकं कधी ते बाहेरून दिसत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत लस पुन्हापुन्हा द्यावी लागते. कार्डावर तारीख, लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही बघा. नुसत्या पेनाने मारलेल्या टिकांना अर्थ नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालेलं असायला हवं, कारण गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात. आणि हो, दोन ठिकाणची पिल्लं एकाच दिवशी बघायला जाऊ नका. पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू बुटांच्या तळव्याला चिकटून येतो आणि जमिनीवर कित्येक महिने टिकतो.

आता पिल्लं. ती दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे पोहोचलात आणि सगळी मेल्यासारखी पडली असतील तर तासभर थांबा. झोपेतून उठलेल्या पिल्लाचं नाक कोरडं-गरम असतं, त्यावरून काही ठरवू नका. उठल्यावर चाल बघा. एकेक उचला. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड, भरीव लागायला हवं. बरगड्या बोटांना लागतील, डोळ्यांना दिसणार नाहीत, असं. पाठ हाडकुळी आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं असेल तर जंत. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबा, पांढरा पडलेला ठिपका सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला पाहिजे. कानाचा वास घ्या, खरंच नाक घालून. आंबूस वास किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळी घाण नको. शेपटीच्या मुळाशी केस विस्कटून काळे कण दिसले तर ओल्या कापसावर चिरडा. तांबूस डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच रक्त. शेपटीखाली कोरडं, स्वच्छ. डोळ्यांत-नाकात चिकट स्राव नको, खोकला तर अजिबातच नको, आणि एक जरी खोकत असेल तर सगळंच वेत त्या दिवसापुरतं सोडा. बेंबीशी छोटासा मऊ फुगवटा दिसला तर डॉक्टरांना दाखवायचा, पण तेवढ्यावरून नाकारू नका.

स्वभावाच्या चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. सात आठवड्यांच्या पिल्लावरून मोठेपणीचं कुत्रं सांगणारे बरेचदा चुकतात. मी एवढंच करते: किल्ल्यांचा जुडगा थोडा लांब जमिनीवर टाकते. दचकून मागे सरकलं आणि मग हुंगायला आलं तर ते मला आवडतं. सगळ्यांच्या अंगावर चढून तुमच्या बुटाची लेस ओढणारं आगाऊ पिल्लू 'यानेच आम्हाला निवडलं' म्हणून उचलायचा मोह होतो. पहिल्यांदाच कुत्रं पाळताय, मधलं बघा. कोपऱ्यात बसलेल्याची दया येईल. ती येऊ द्या, पण दयेपोटी उचलू नका. आणि ब्रीडरने एखादं सुचवलं तर ऐका. तुम्ही तासभर बघताय, त्याने जन्मापासून बघितलंय.

तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो हेही मोजा. दिवसभर घरी कोण असतं, जिना किती, आधी कुत्रं होतं का, ते कशाने गेलं. माझ्या दुसऱ्या कुत्रीच्या ब्रीडर बाईंनी मला पाऊण तास उलटतपासणीला उभं केलं होतं, आणि पुढेमागे सांभाळणं जमलं नाही तर कुत्री त्यांच्याकडेच परत आणायची हे कागदावर लिहून घेतलं. तेव्हा राग आला होता.

रविवारी जरूर जा. फक्त आगाऊ रक्कम नेऊ नका, आणि पिल्लू आणायची टोपली घरीच ठेवा, ती गाडीत असली की रिकामी परत आणवत नाही. रिपोर्ट दाखवले तर फोटो काढून इथे टाका, वाचायला मदत करते.