तीनशे रोल आणि चार लाखांची एफडी

प्रश्न (आलेला मेल थोडक्यात): मी ४६ वर्षांचा, वाई तालुक्यात अनुदानित शाळेत चित्रकला शिकवतो. नोकरी २००८ पासून, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. हातात ८२,००० येतात, घराच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ४८,०००. माझ्याकडे यशिकामॅट १२४ जी हा जुना फिल्म कॅमेरा आहे आणि कृष्णाकाठचे घाट ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपायचं काम मी सहा वर्षांपासून करतो आहे. त्याला लागणारा १२० चा रोल (३५ एमएमपेक्षा रुंद फिल्म) मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. कधी मुंबईचा विक्रेता 'माल नाही' म्हणतो, कधी दोन महिने थांबावं लागतं. पुढच्या महिन्यात ४ लाखांची एफडी मॅच्युअर होते. त्यातून ३०० रोल (९५० रुपयांना एक), २५,००० चा डीप फ्रीजर आणि ४०,००० ची केमिकल्स एकदाच घेऊन ठेवावीत का? निवृत्तीनंतर वेळच वेळ असेल, पण तेव्हा रोल नसले तर? घरी अजून बोललो नाही.

उत्तर:

सर, आधी एक सांगते. माझ्या वडिलांचा कराडला स्टुडिओ होता. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटताना मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलाय. त्यामुळे 'मोबाइलवर काढा की फोटो' असं मी तुम्हाला म्हणणार नाही. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्यांवरचं सकाळचं ऊन सहा बाय सहाच्या निगेटिव्हवर कसं उतरतं ते मला ठाऊक आहे. हे काम व्हायला हवं, आणि त्यावर पैसे खर्च व्हायला हवेत.

पण ३०० रोल घेऊ नका. ६० घ्या.

तुमची भीती खोटी नाही. कोडॅकचा प्लस-एक्स रोल २०११ च्या सुमारास बंद झाला. क्रोएशियातल्या ज्या कारखान्यात एफके फिल्म बनायची, तो २०१२ मध्ये बंद पडला. फुजीचा निओपॅन ४०० गेला. तुमच्या कॅमेऱ्यात २२० चा, म्हणजे दुप्पट लांबीचा, रोलही चालतो, फिल्मच्या मागची प्रेशर प्लेट सरकवली की झालं, पण तो रोल आता कोणतीच मोठी कंपनी बनवत नाही. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' घरोघरी माहीत होता, तो कारखानाही इतिहासजमा झाला. निवड आकसली आहे, हे खरंच.

दुसरी बाजूही बघा. २००४ मध्ये इलफर्ड ही फिल्म बनवणारी कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती. आता संपलं म्हणून जगभर लोकांनी रोल भरून ठेवले. २००५ मध्ये तिथल्याच व्यवस्थापकांनी कंपनी विकत घेतली आणि इंग्लंडमधल्या मॉबर्लीच्या कारखान्यात तिचा एचपी५ रोल आजही बनतो. फुजीने २०१८ मध्ये ॲक्रोस हा रोल बंद केला, तेव्हाही अशीच झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी ॲक्रोस २ आला. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तरी अमेरिकेत रॉचेस्टरमध्ये तिचा ट्राय-एक्स रोल निघतो आहे. चेक प्रजासत्ताकातली फोमा कंपनी १२० मध्ये तीन वेगांच्या, म्हणजे प्रकाशाला कमी-जास्त संवेदनशील अशा, फिल्म देते. केंटमिअरसारखा स्वस्त रोल पूर्वी १२० मध्ये नव्हता, तो अलीकडे आला. एखादी फिल्म जाते, भाव चढतात, मधेच दुकान रिकामं असतं. असं पुढेही होईल. त्यासाठी घरात एक-दोन वर्षांचा साठा असावा, बारा वर्षांचा नको.

आता हिशेब. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी २६ रोल वापरले. त्या वेगाने ३०० रोल साडेअकरा वर्षं पुरतील. तुम्ही ५८ ला निवृत्त होणार, म्हणजे आजपासून बारा वर्षांनी. सर, ज्या दिवसांसाठी तुम्ही हा साठा करताय, ते दिवस उजाडायच्या आधीच तो संपलेला असेल. आणि निवृत्तीसाठी न वापरता ठेवलात, तर तेव्हा हातात बारा वर्षं जुनी फिल्म असेल.

पैशाच्या बाजूने पाहू. एफडीवर कर वगैरे जाऊन हातात सहा टक्के धरू. रोल हळूहळू वापरत गेलात तर प्रत्येक रोल सरासरी पावणेसहा वर्षं पडून राहतो. आज त्यात गुंतवलेले ९५० रुपये बँकेत असते तर तोवर १,३३० च्या आसपास झाले असते. फ्रीजरची किंमत आणि दिवसाला एक युनिट, आठ रुपयांनी, असं वीजबिल धरलं तर रोलमागे आणखी १९५ पडतात. झाले सव्वापंधराशे. म्हणजे रोलचे भाव दरवर्षी साडेआठ टक्क्यांहून जास्त वाढले, तरच तुमचा साठा फायद्याचा. ते अशक्य नाही, कोडॅकने २०२० पासून एकामागून एक दरवाढी केल्या आहेत. नुसत्या भावाच्या अंगाने हा सौदा फिफ्टी-फिफ्टी आहे.

तो बिघडतो जोखमीने. आणि इथे १२० चा रोल ३५ एमएमपेक्षा नाजूक पडतो.

एक रोल हातात घेऊन बघा. डबी नाही, कॅसेट नाही. स्पूलवर फिल्म आणि तिच्या पाठीशी काळा कागद, दोन्ही एकत्र गुंडाळलेले. कागदावर छापलेले आकडे पुढच्या वेढ्यातल्या इमल्शनला, म्हणजे फिल्मच्या प्रकाश टिपणाऱ्या थराला, चिकटून बसलेले. २०१६ मध्ये कोडॅकच्या १२० च्या काही बॅचमध्ये नेमकं हेच नडलं. लोकांच्या आभाळात, भिंतींवर, चेहऱ्यांवर कागदावरचे आकडे आणि कंपनीचं नाव उमटलं. कंपनीने ते मान्य करून बॅच नंबर जाहीर केले. ओल आणि उष्णता मिळाली की हा धोका वाढतो. तुम्हीच लिहिलंय की उन्हाळ्यात गावात दोन-दोन तास लाईट जाते. दोन तासांनी बिघडणार नाही, पण फ्रीजर बंद पडला आणि तुम्ही आठ दिवस नरसोबाच्या वाडीला असलात तर काय?

शिवाय थंडीने सगळं थांबत नाही. वातावरणातल्या किरणोत्साराने फिल्मवर हळूहळू धुकट पडदा चढतोच, आणि वेगवान फिल्मवर तो लवकर चढतो. तुमच्या यादीत डेल्टा ३२०० या अतिवेगवान फिल्मचे ४० रोल आहेत. ते तर अजिबात साठवू नका.

वडिलांची गोष्ट सांगितली नाही तर हे उत्तर अर्धवट राहील. नव्वदच्या दशकात रंगीत लॅब आल्या आणि एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं की ब्रोमाइड पेपर, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटचा कागद, आता येणार नाही. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून पेपरची खोकी घेतली आणि स्टीलच्या कपाटात ठेवली. तीन उन्हाळे गेले. मग एका लग्नाच्या ऑर्डरसाठी खोकं उघडलं तर प्रत्येक प्रिंट राखाडी. पांढरा पांढरा उमटेचना. कर्जाचे हप्ते त्यानंतरही दोन वर्षं चालू होते. त्या रात्री ते डार्करूममधून बराच वेळ बाहेर आले नाहीत. तुमचा मेल वाचताना मला तेच आठवत होतं.

आता त्या चार लाखांचं बघू. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात दुसरी कुठलीच सुटी रक्कम दिसत नाही. म्हणजे ही एफडी हाच तुमचा अडीअडचणीचा पैसा. सहा महिन्यांचा खर्च २,८८,००० होतो. त्याला हात लावायचा नाही. तुमचा पगार नियमित आहे हे मान्य, पण आईचं वय ७४ आणि त्यांचा वेगळा मेडिक्लेम नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. दवाखान्यात डिपॉझिट भरताना फ्रीजरमधले रोल कुणी घेत नाही. विकायला काढलेत तर एक्सपायरी जवळ आलेल्या रोलला अर्धा भावही येणार नाही.

उरतात १,१२,०००. ते तुमच्या कामासाठी मोकळ्या मनाने वापरा.

५७,००० चे ६० रोल घ्या. सगळे एकाच जातीचे नकोत. निम्मे तुमचे नेहमीचे एचपी५, निम्मे फोमापॅन १००. दोन फिल्म हाताखालच्या असणं हाच टंचाईवरचा खरा विमा. एक मिळेनाशी झाली तरी दुसरीचं एक्स्पोजर, दुसरीचा धुण्याचा वेळ तुम्हाला पाठ असेल. एक्सपायरी पाहून घ्या, लांबच्या तारखेचे मागा. साठ रोल बुटाच्या खोक्यात मावतात. हवाबंद डब्यात घालून घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, वेगळा फ्रीजर लागणार नाही. वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढा आणि रोल पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वेष्टन फाडू नका, नाहीतर कागदाला घाम सुटतो.

९,००० चा सर्व्हिसिंगचा खर्च तुम्ही 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवलाय. तो आधी करा. १२४ जी चं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं, म्हणजे तुमचा कॅमेरा किमान चाळिशीचा आहे. त्याचा शटर उघडून दुरुस्त करणारे हात रोलपेक्षा झपाट्याने कमी होताहेत. त्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी केव्हाच बंद झाली आणि तुम्ही हातातल्या मीटरवर काम चालवताच आहात. शटरला असा पर्याय नाही.

४०,००० ची केमिकल्स मुळीच नकोत. विरघळवलेला डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) काही महिन्यांत तपकिरी होऊन वाया जातो. डी-७६ या डेव्हलपरचं सूत्र १९२७ पासून सगळ्यांना खुलं आहे: लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला केमिकल्स पुरवणाऱ्याकडे विचारा. चांगला तराजू मात्र घ्या.

राहिलेले ४६,००० प्रवासाला ठेवा. तुमच्या पत्रात वाई, मेणवली, धोम, संगम माहुली एवढीच नावं आहेत. कराडचा प्रीतिसंगम नाही, औदुंबर नाही, हरिपूरला वारणा मिळते ती जागा नाही. साठ रोल म्हणजे ७२० फ्रेम. महिन्यातून दोन शनिवार-रविवार नदीकाठी काढलेत तर दोन वर्षांत सांगलीच्या खालपर्यंत पोचाल. तुमच्या कामात सध्या रोलची टंचाई नाही, सुट्ट्यांची आहे.

निवृत्तीनंतरच्या रोलसाठी आजपासून महिना २,००० ची इंडेक्स फंडात एसआयपी लावा. बारा वर्षं, वर्षाला दहा टक्के धरले तर साडेपाच लाखांच्या आसपास होतात. खात्री नाही, बाजार आहे, कमीही होतील. पण तेव्हा रोल अडीच हजारांचा झाला असला तरी ताजा घेता येईल, आणि आईच्या उपचारासाठी लागले तर तेच पैसे तिकडेही वळवता येतील.

आजच्या दोन वर्षांच्या साठ्यातून जेवढे रोल संपतील तेवढे दर चार महिन्यांनी आणून भरत जा. त्याचा महिन्याचा २,००० चा खर्च तुम्ही आजही करताच. इलफर्डने एचपी५ चा १२० बंद केल्याचं स्वतः जाहीर केलं, तर मला लिहा. त्या दिवशी एकदम शंभर रोल घ्या असं मी सांगेन.

एफडी मॅच्युअर व्हायच्या आत बँकेत जाऊन ऑटो-रिन्युअल बंद करा. २,८८,००० ची एकच ठेव करू नका, ९६,००० च्या तीन करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. आणि बँकेत जायच्या आधी वहिनींशी बोला. त्यांना हा आकड्यांचा कागद दाखवा आणि सोबत सहा वर्षांतल्या चार-पाच प्रिंटही दाखवा.