नवऱ्याचं बोलणं हळूहळू जात आहे. घरी रोजचं कसं निभवायचं?

ताई, शब्द अडला की आपण सांगून टाकायचा की वाट पाहायची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या पत्नीला हाच आजार आहे, चौथं वर्ष चालू आहे. आम्ही सोलापुरात राहतो, घरात दोघंच. डॉक्टर नाही मी, जे रोज करतो तेवढंच सांगतो.

आधी एक महत्त्वाचं. बोलणं अचानक गेलं, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं तर तो अर्धांगवायू असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. तुमच्या मिस्टरांसारखं हळूहळू जाणं वेगळं. मेसुलम नावाच्या डॉक्टरांनी 1982 साली सहा रुग्णांवरून ते मांडलं. आज त्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात. सुरुवातीला बाकी बहुतेक सगळं नीट असतं, भाषा तेवढी सुटत जाते. आमचं वर्ष आधी घशाच्या औषधांत गेलं, मग दातांची कवळी बदलली, मग कुणी टेन्शन म्हणालं. न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं.

याचे मुख्य तीन प्रकार आहेत. तुमचा कोणता ते डॉक्टरांना आवर्जून विचारा, कारण वागणं त्यावर ठरतं. एका प्रकारात शब्दाचा अर्थच जातो. ‘विळी’ म्हटलं तरी काय ते कळत नाही, तिथे शब्द सुचवून उपयोग नाही, वस्तूच दाखवायची. एकात ओठावरचा शब्द सापडत नाही. हिचा तिसरा. अर्थ सगळा कळतो, पण बोलायला फार कष्ट पडतात, वाक्याचे सांधे निखळतात. “मी... मंडई... भाजी” एवढंच येतं. गेली होती की जायचंय, ते आपण ओळखायचं.

आता तुमचा प्रश्न. पहिले तीन-चार महिने मी हिचं प्रत्येक वाक्य पुरं केलं. मला वाटायचं मदत करतोय. झालं असं की हिने वाक्य सुरूच करायचं सोडलं. मग आमचं ठरलं. मी गप्प बसायचं, तिच्याकडे बघत, घड्याळाकडे नाही. तिने माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवली की मगच मी शब्द सांगायचा. आजही तसंच चालतं. कधी ती बोटं टेकवते, कधी नाही, आणि शब्द स्वतः काढते. तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसरी गोष्ट ‘हो’ आणि ‘नको’ची. “चहा देऊ?” विचारलं की “हो” म्हणायची आणि कप दिला की ढकलायची. मी दोनदा चिडलो तिच्यावर. अजून आठवलं की वाईट वाटतं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की या प्रकारात ‘हो’च्या जागी ‘नाही’ आणि ‘नाही’च्या जागी ‘हो’ तोंडातून जातं, माणसाला हवं असतं ते वेगळंच. तेव्हापासून मी विचारणंच बदललं. एका हातात चहा, एका हातात ताक, दोन्ही समोर धरतो. तिचा हात जिकडे जाईल ते खरं. साडी, भाजी, दूरदर्शन की रेडिओ, सगळं असंच. “काय हवंय?” हा प्रश्न आमच्या घरातून गेला. “हे काय आहे, सांग बघू” हा तर कधीच विचारू नका. आपल्या नवऱ्याची तोंडी परीक्षा घ्यायची नाही.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी भल्या पहाटे. पूर्वी नळाची पहिली फुसफुस हिलाच ऐकू यायची, “अहो, पाणी यायलंय, उठा!” अशी हाक. ती हाक गेली तेव्हा दोनदा पाणी चुकलं. मग एका पहाटे मोरीतून टण टण आवाज आला. जाऊन बघतो तर ही उलथन्याने रिकाम्या कळशीवर ठोके देतेय. आता तीच आमची हाक. जेवायला बोलवायचं असलं तरी कळशी वाजते.

गाणी, आरत्या, घोष हे मात्र बऱ्याचदा बोलण्याहून जास्त टिकतात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत, आमच्या गड्ड्याच्या यात्रेत, विजापूर वेशीजवळ उभे होतो. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, पुढे गेले आणि ही गर्दीबरोबर खणखणीत म्हणाली, “एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!” एकही अक्षर न अडता. मला वाटलं, आलं बोलणं परत. दुसऱ्या दिवशी मी तिला बहिणीचं नाव म्हणायला लावलं, पुन्हा पुन्हा. ती रडली. ती चूक तुम्ही करू नका. पाठ असलेलं म्हणणं आणि मनातलं बोलणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. आता संध्याकाळी दिवा लावला की आम्ही आरती म्हणतो, ती म्हणण्यासाठीच.

पाणी पिताना ठसका लागायला लागला तर लगेच थेरपिस्टला सांगा, गिळण्याचीही तपासणी असते. घास तोंडात असताना त्यांच्याशी बोलू नका.

कागदपत्रांचं लांबवू नका. सही नीट येतेय तोवर बँकेचं खातं दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं करून घ्या, नॉमिनी लावा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाखाली अफेजियाचं नाव आहे, दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. पुढे काय हवं, काय नको, नळीने अन्न द्यायचं का, हे अवघड आहे, पण आत्ताच विचारा. दोन वर्षांनी विचारायला जाल तर उत्तर हातानेही येईलच असं नाही.

आणि त्यांचा आवाज आजच मोबाईलवर घेऊन ठेवा. नातवंडांची नावं, एखादी गोष्ट, काहीही. माझ्याकडे हिचा एकच जुना निरोप राहिलाय, “येताना शेंगदाणे आणा, चटणीला. भाजलेले नको, कच्चे आणा.”